टेंभऱ्याचं अक्ती ते अक्ती

राइस मिलच्या मागे कोंडा साचतो तसे किस्से साचतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, न्यायलाही कोणी येत नाही, आणि एक दिवस बघावं तर ढीग छपराला टेकलेला असतो. माझ्याकडचा ढीग पलटनीतून सुटून गोंदियाला आलेल्या आम्हा तिघांचा आहे.

लढाई संपली, पाठोपाठ सत्तेचाळीस साल उजाडलं, आणि आमच्या हातात एकेक कागद देऊन आम्हाला घरी पाठवण्यात आलं. कागदावर लिहिलं होतं, चालचलन उत्तम. पुढे काय करायचं ते मात्र लिहिलेलं नव्हतं. पलटनीत सहा वर्षं सकाळी उठण्यापासून दिवा मालवण्यापर्यंत सगळं कोणीतरी सांगायचं. इथे कोणीच काही सांगेना, म्हणून आम्ही आपलं जुनंच चालू ठेवलं.

तिघे म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी फौजेच्या गोदामात बाबू होतो, त्यामुळे नाव पडलं स्टोअरबाबू. देवरीकडचा मडावी लंगरी होता, म्हणजे पलटनीचा स्वयंपाकी. आणि बिसन टेंभरे फौजेचा ट्रक चालवायचा, तो हवालदार होऊन सुटला. आमची बैठक मडावीच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे स्टेशनाजवळ चार बाकं आणि एक भट्टी.

* * *

हॉटेल उघडलं त्या दिवशी मी आणि टेंभरे सकाळीच गेलो. तिसरा एक हमाल येऊन बसला होता. भट्टीवर एवढं मोठं पातेलं, की चहा ढवळायला मडावी बाकावर उभा होता.

"किती जणांचा टाकला?" मी विचारलं.

"एका कंपनीचा."

कंपनी म्हणजे एकशे वीस माणसं. मी म्हटलं, "अरे, गिऱ्हाईक तिघं आहेत."

"तिघांचा अंदाज कसा घेतेत, बाबू? मले कोनी शिकवलाच नाई."

खोटं नव्हतं. बायकोला ताप आला म्हणून एकदा त्यानं घरी डाळ शिजवली, ती गल्लीला दोन दिवस पुरली. तिसऱ्या दिवशी गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याला बघून वाट बदलायला लागली. मग त्यानं हिशोबानं कमी करून पाहिलं. मसाल्याचे एकशे वीस भाग पाडता पाडता दुपार झाली आणि चूल विझली.

शेवटी आम्हीच त्याला म्हटलं, बाबा रे, तू लग्नाची कामं घे. तिथे त्याचं भाग्य उघडलं. पंचक्रोशीत त्याच्याशिवाय लग्नाची पंगत उठेना. वधूपिता बोलणी करायला आला की मडावीचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"कंपन्या किती?"

* * *

मडावीला हसताना मी स्वतःला वगळत नाही. मला एका शेठजींच्या राइस मिलमध्ये गोदाम सांभाळायची नोकरी लागली होती. फौजेच्या गोदामातून खिळासुद्धा बाहेर काढायचा तर तीन प्रतींत मागणी-अर्ज लागायचा. मी इथेही तेच सुरू केलं.

एक दिवस शेठजी स्वतः आले. घरी पाहुणे आले होते, एक पोतं तांदूळ हवा होता.

"अर्ज?" मी विचारलं.

"कैसी अर्जी?"

"मागणीचा. तीन प्रती. वर मालकाची मंजुरी लागेल."

"अरे, मालिक तो मैं ही हूँ."

"मग मंजुरी लवकर मिळेल."

शेठजी माझ्याकडे बघतच राहिले. हाकलतात आता, असं मला वाटलं. पण ते स्टुलावर बसले, तीन कागद मागून घेतले आणि लिहायला लागले. मागणारा, वस्तू, वजन, सगळं नीट लिहिलं. मागणीचं कारण म्हणून एक रकाना होता. तिथे त्यांनी तिन्ही प्रतींत एकच शब्द लिहिला, 'भूख'.

मला त्यांनी काढलं नाही. माझ्या आधी गोदामातून पोती पाय फुटल्यासारखी जायची, ती थांबली होती. चोर किती का हुशार असेना, तीन प्रती लिहीत बसत नाही.

* * *

आता टेंभरे. खरा ढीग त्याचाच आहे.

फौजेतून सुटीवर आला असताना त्याचं लग्न झालं होतं. बायकोचं नाव जमना. आमगावच्या पुढे, देवरीच्या रस्त्यालगत एका टोल्यावर, म्हणजे वाडीवर, तिचं माहेर. पाठवणी मात्र राहिली होती. नोकरी लागली की पोरगी पाठवू, असं सासऱ्यांनी सांगितलेलं. बायकोचं तोंड त्यानं मांडवात पाहिलं असेल तेवढंच, तेही मुंडावळ्यांतून.

पहिली नोकरी चटकन लागली. एका ठेकेदाराचा ट्रक नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलातून बांबू आणायचा, त्यावर ड्रायव्हर. पहिल्या खेपेलाच ट्रक दुपारी यायचा तो दिवेलागणीला आला. ठेकेदारानं विचारलं, गाडी बिघडली का? टेंभरे म्हणाला, नाही. वाटेत पुढे एक बैलगाडी होती.

"मग?"

"कानवाईत पुढच्या गाडीले मांगं टाकता येत नाई, साहेब. सजा होते."

फौजेत ट्रकांचा ताफा एकामागून एक निघायचा आणि पुढच्या गाडीपासून चाळीस पावलांचं अंतर ठेवायचं, हा नियम. टेंभऱ्यानं बैलगाडीमागे चाळीस पावलं राखून नऊ मैल ट्रक चालवला होता. बैल थांबले की हा थांबायचा. बैल पाणी प्यायले, यानंही इंजिनाला पाणी पाजलं.

गाडीवान बिचारा दुसऱ्या दिवशी हात जोडून ठेकेदाराकडे आला. "मालक, तुमचा टरक माह्या मांगं काऊन येऊन राहिला होता? मी काई चोरलो नाई जी."

ती नोकरी तीन आठवडे टिकली.

* * *

बातमी टोल्यावर पोचली. सासऱ्यांनी टेंभऱ्याला बोलावून घेतलं. मी सोबत होतो. म्हातारा सडसडीत, पंधरा एकर धानाचा मालक, बोलणं कुऱ्हाडीसारखं.

आमच्याकडे शेतावरच्या गड्याचं साल अक्षय तृतीयेपासून मोजतात. तिला आम्ही अक्ती म्हणतो. अक्तीला गडी लागला की पुढच्या अक्तीलाच सुटतो, मध्ये पळून जाणाऱ्याला गावात मान नाही.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "आमच्या घरचा गडी अक्ती ते अक्ती हालत नाई. तुमी तं सरकारी मानूस. गड्याएवढे तरी टिकून दाखवा. एक साल, एका जागी. मंग पोरगी न्या. नाई तं राहू द्या, तिले इथं भात कमी नाई."

आम्ही आमगावकडे परत निघालो. मला फार वाईट वाटलं. लढाईत ज्यानं रात्रंदिवस गाडी हाकली, त्याला घरच्या गड्याच्या मापानं मोजलं होतं. आमगावला पोचल्यावर टेंभरे म्हणाला, "बाबू, अक्ती ते अक्ती बरोबर किती दिवस होतेत, ते पंचांगात पाहून सांगजो."

* * *

दुसरी नोकरी बिरसीला लागली. तिथल्या धावपट्टीच्या कडेला लढाईतलं उरलंसुरलं सामान लिलावात घेऊन एका ठेकेदारानं रचून ठेवलं होतं. टेंभरे त्याचा पहारेकरी. पत्रे, पिंपं आणि त्यांच्या सावलीला बसायला येणाऱ्या म्हशी, एवढाच कारभार. पण टेंभऱ्यानं तिथे फौजेचा पहारा लावला. रोज सकाळी तो नवा परवलीचा शब्द ठरवायचा. जो तो शब्द सांगेल त्यालाच आत सोडायचं. शब्द फक्त त्यालाच माहीत असायचा, त्यामुळे गळती व्हायची भीती नव्हती.

एका दुपारी सासरे जावयाची नोकरी बघायला आले. डोक्यावर छत्री, हातात आंब्यांची टोपली.

"थम! कोन आता है?"

"मी हावो जी, तुमचा सासरा."

"आजचा शब्द सांगा."

"कायचा शब्द?"

"माहीत नाई तं टोपली खाली. हात वर."

टेंभऱ्याच्या हातात लाठीच होती, पण आवाज हवालदाराचा. म्हाताऱ्यानं टोपली ठेवली, छत्री ठेवली, हात वर केले. वर चैत्राचं ऊन. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "काऊन जी, मले ओळखले नाई का?"

"ओळखलो जी मामाजी. पन हात वरच ठेवा."

तेवढ्यात ठेकेदार आला. त्याला तरी शब्द कुठे माहीत होता? आता दोघे शेजारी शेजारी हात वर करून उभे. ठेकेदारानं ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं. शेवटी हात वर असतानाच त्यानं टेंभऱ्याला नोकरीवरून काढलं. पहाराच संपला म्हटल्यावर टेंभऱ्यानं लाठी खाली घेतली, दोघांना सलाम केला आणि सासऱ्यांच्या डोक्यावर छत्री धरली. म्हाताऱ्यानं छत्री हिसकावून घेतली आणि आंब्यांसकट परत गेला.

संध्याकाळी हॉटेलात मडावीनं विचारलं, "मायबाप, असा कोनता शब्द होता तो?"

 आमच्यात नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. कपातल्या चहाकडे बघत टेंभरे हळूच म्हणाला, "जमना."

मडावीनं त्याचा कप पुन्हा काठोकाठ भरला.

* * *

यानंतर सासऱ्यांनी दार लावूनच घेतलं असतं. मी दुसऱ्याच दिवशी एकटा टोल्यावर गेलो. म्हातारा माझ्याकडे पाठ करून बसला होता. मी काही वकिली केली नाही. त्या दिवशीचा शब्द काय होता, तेवढं सांगितलं.

म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. तंबाखू मळली, थुंकला, पुन्हा मळली.

"आठ दिवसांनी अक्ती हाये," तो म्हणाला. "सांगा तुमच्या हवालदाराले. हा आखरी मौका. याच्यानंतर मी पोरीची सोडचिठ्ठी करतो."

आठ दिवसांत नोकरी आणायची कुठून? आमच्या शेठजींची गोंदिया-देवरी उतारूंची एक मोटार चालायची, तिचा ड्रायव्हर सोडून गेला होता. टेंभऱ्याची कीर्ती शेठजींनी ऐकलेली होती. मी तीन प्रतींत अर्ज केला. मागणी, एक ड्रायव्हरची जागा. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बायको'.

शेठजींनी कागद वाचला, डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि सही केली.

* * *

आमच्याकडे मोटार भरली की सुटायची. वेळ सात म्हणजे सात ते दहा. अक्तीच्या सकाळी टेंभऱ्यानं सातला गाडी काढली. आत एक म्हातारी आणि तिची कोंबडी, बाकी कोणी नाही. कंडक्टरसुद्धा नव्हता, तो मडावीकडे चहा फुंकत होता. तो ओरडत धावला, त्याला रेल्वे फाटकापाशी गाडी सापडली, तीही फाटक बंद होतं म्हणून.

पहिला महिना शिव्यांचा गेला. लोक सवयीनं आठला यायचे आणि धूळ बघून परत जायचे. त्यात टेंभऱ्यानं उतारूंची लाइन लावायला सुरुवात केली. दोन रांगा, उंच मागे, बुटके पुढे. एका आजीला त्यानं तिसऱ्यांदा सरळ उभं राहायला सांगितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बापू, मी माह्या पोरीकडे जाऊन राहिली, लढाईले नाई."

त्या दिवसापासून लाइन बंद झाली. वेळ मात्र हलली नाही. दुसऱ्या महिन्यापासून लोक साडेसहालाच येऊन बसायला लागले. गाडी भरून जायला लागली, शेठजी खूष झाले. आमगावात लोक गाडी बघून घड्याळं लावायचे.

सासऱ्यांचा टोला वाटेवरच. तिथे नऊ वाजून वीस मिनिटांनी गाडी यायची, दोन मिनिटं थांबायची. टेंभरे ड्युटीवर इकडेतिकडे बघायचा नाही. पण कंडक्टर सांगायचा, आमगाव सोडलं की हवालदार गाडी हळू करून हात बाहेर काढतो आणि समोरची काच पुसतो. रोज, पावसातसुद्धा. आणि टोल्याच्या विहिरीवर एक पोरगी घागर घेऊन उभी असते. "सालभर पाहून राहिलो," कंडक्टर म्हणायचा, "पन तिची घागर काई भरत नाई."

* * *

आणि अक्ती आली.

पाठवणी त्याच दिवशी ठरली होती. सासऱ्यांची अट, साल पुरं झालं त्या दिवशी. मी टेंभऱ्याला म्हटलं, सुटी घे, बैलगाडी सजवू, वाजत जाऊ.

"सुटी घेतलो तं साल एका दिवसानं कमी भरते," टेंभरे म्हणाला. "ड्युटीवरच आनतो."

म्हणजे वरात मोटारीनं निघाली. नवरदेव स्टिअरिंगवर, खाकी कपड्यात, टोपीवर बाशिंगाऐवजी झेंडूचं एक फूल. वऱ्हाडी मी आणि मडावी. मडावीनं पहाटेपासून बुंदी पाडली होती, अर्थात एका कंपनीची. बाकीचे चाळीस उतारू आपापल्या कामाला निघालेले.

नऊ वीसला गाडी टोल्यावर थांबली. विहिरीवर कोणी नव्हतं. घरातून रडण्याचा आवाज येत होता. पाठवणीला पोरीनं टोल्यातल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून रडायचं, ही रीत आहे. प्रत्येकीचं रडणं वेगळं, त्यात लहानपणापासूनच्या आठवणी गाऊन सांगायच्या. मी अंगणात डोकावलो. बाया तीसेक होत्या, आणि जमना अजून तिसरीच्याच गळ्यात होती.

मी धावत परत आलो. टेंभरे मनगटावरचं घड्याळ बघत होता.

"एक मिनिट राहिला," तो म्हणाला.

"अरे, बायको आहे तुझी! थांब थोडा."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. एक वर्ष तो एक मिनिटही चुकला नव्हता, आणि आजचा दिवसही सालातच मोजायचा होता. गाडी थांबवली तर ड्युटी चुकली, चालवली तर बायको गेली. त्यानं हॉर्न वाजवला. आतलं रडणं आणखी वाढलं.

"परतीच्या फेरीले नेतो," तो कसाबसा म्हणाला, आणि त्यानं खरंच गिअर टाकला. मी डोळे मिटून घेतले.

"थम! कोन आता है?"

डोळे उघडले तर सासरे रस्त्याच्या मधोमध उभे. नवं धोतर, लाल पागोटं, हातात बैल हाकायचा पराणा, पुढे रोखलेला.

टेंभऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "बिसन टेंभरे, डायवर," तो खिडकीतून म्हणाला.

"खाली उतर. हात वर."

टेंभरे उतरला. हात वर केले. चाळीस उतारू एका बाजूच्या खिडक्यांवर लोटले, गाडी कलली. मडावीनं बुंदीची परात काढून पहिल्या बाकापासून वाटायला सुरुवात केली.

"आजचा शब्द?" सासऱ्यांनी विचारलं.

टेंभरे कानांपर्यंत लाल झाला. घरातल्या बाया रडणं सोडून दारात आल्या होत्या. सगळा टोला जमला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मडावीकडे पाहिलं.

"सांगता का नाई?"

टेंभऱ्यानं मान ताठ केली, टाचा जुळवल्या आणि हवालदाराच्या आवाजात, देवरीपर्यंत जाईल असं, तो म्हणाला, "जमना!"

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. म्हाताऱ्यानं पराणा खाली घेतला. त्याचे डोळे ओले होते, ते त्यानं लपवले नाहीत.

"शब्द बरोबर हाये," तो म्हणाला. "पन हात वरच ठेवा, जावईबापू. पोरीचं रडनं व्हायचं हाये."

उरलेलं सगळं रडणं झालं. एकही बाई गाळली नाही. गाडी तेवढा वेळ उभी, टेंभरे तेवढा वेळ उभा; पहाऱ्यानं अडवलं म्हटल्यावर त्याची ड्युटी चुकत नव्हती. बुंदी चाळीस उतारूंना आणि अख्ख्या टोल्याला पुरली. मडावीचा अंदाज आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आला होता.

मग जमना आली. डोळे सुजलेले, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत पत्र्याची मोठी पेटी. गाडीच्या दारापाशी ती नवऱ्यासमोर थांबली. आजवर ती त्याच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. तिनं त्याच्या वर केलेल्या हातांकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, आणि पेटी त्याच्या हातांत दिली.

"हात वरच हायत तं," ती म्हणाली, "हे टपावर ठेवा."